मंदाताईंचं टेबल

आमच्या प्रयोगशाळेत मंदाकिनी उदगीरकरांना सगळे मंदा मॅडम म्हणत. मी एकटीच त्यांना मंदाताई म्हणायचे, कारण तिथं मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच होतो. पहिल्या दिवशी मीही मॅडम म्हणाले, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कुणाची गं तू?" हैदराबादेत एक मराठी माणूस दुसऱ्याला आधी हेच विचारतो. मी वडिलांचं नाव सांगितलं, मूळ गाव बिदरकडचं, आता कुकटपल्लीत राहतो म्हणून सांगितलं.

"मग मॅडम काय म्हणायलीस? ताई म्हण. काम चुकलं तर तसंही मी मॅडमच होणार आहे."

त्या वेळी त्या पन्नाशीच्या पुढे होत्या. सुती साडी, पायात खेळाडूंचे असतात तसले बूट, केसांचा घट्ट अंबाडा. सकाळी आल्या की हातातल्या बांगड्या काढून एका स्टीलच्या डब्यात ठेवायच्या, कारण कंपनं मोजायच्या खोलीत बांगडीची किणकिणसुद्धा त्यांना चालत नसे. संध्याकाळी निघताना त्या बांगड्या चढवल्या की मोठ्याने बोलायला लागायच्या. दिवसभर दाबून ठेवलेला आवाज जिन्यावरून खाली उतरेपर्यंत सगळा बाहेर पडायचा.

आमचं काम लोकांना समजावून सांगणं अवघड असे. पंप, पंखे, मोठमोठी यंत्रं किती थरथरतात ते मोजायला त्यांच्यावर बोटाच्या पेराएवढे सेन्सर बसवतात. प्रत्येक सेन्सरला एक दिशा नेमून दिलेली असते. उभं हलणं मोजायला बसवलेल्या सेन्सरनं उभ्याच हलण्याचं सांगायचं. पण आतला स्फटिक केसभर जरी तिरका बसला, तरी आडव्या धक्क्यालाही तो थोडा बोलतो. मग पंप हलतोय एकीकडे आणि आकडे दाखवतायत भलतीकडे, असं होतं. तो आडवा किती बोलतो हे तपासून, मर्यादेत असेल तर पास आणि नसेल तर नापास करणं, हे मंदाताईंचं खातं.

नव्या माणसाला त्या हे एका वाक्यात सांगायच्या. त्यांचे आजोबा निजामाच्या वेळचे वकील, वडील जामबागेत शाळेत गणिताचे मास्तर. दोन्हींचा त्यांच्या बोलण्यावर परिणाम होता. "सेन्सर म्हणजे कोर्टातला साक्षीदार," त्या म्हणायच्या. "जेवढं विचारलं तेवढंच सांगणारा पाहिजे. शेजाऱ्याच्या घरातलं सांगायला लागला की खटला बुडाला."

तपासायची रीत अशी. एक लहानसं पोलादी टेबल, लवचीक पट्ट्यांवर तोललेलं, एकाच रेषेत डावी-उजवीकडे थरथरतं. त्यावर सेन्सर उभा बसवायचा आणि थोडा थोडा फिरवत न्यायचा. टेबल आडवं हलतंय आणि सेन्सर उभं हलणं मोजणारा, म्हणजे खरं तर त्यानं गप्पच बसायला हवं. पण स्फटिक जिकडे कललेला असेल ती बाजू हलण्याच्या रेषेत आली की तो बोलतो. आणखी फिरवला की आवाज उतरत उतरत जवळजवळ शून्यावर येतो. मग पुन्हा चढतो, पुन्हा उतरतो. सगळ्यात जास्त किती बोलला, तो त्याचा दोष.

या कामात घाई त्यांना ठाऊक नव्हती. सेन्सरच्या बैठकीला तेलाचं बोट लावायच्या, पान्याचा 'टक' असा आवाज येईपर्यंत आवळायच्या, तार चिकटपट्टीनं टेबलाला बांधायच्या. "तार मोकळी सोडली की ती पण बोलायला लागती." कुणी प्रमाणपत्राची घाई केली तर म्हणायच्या, "नावच मंदा आहे माझं. घाईचं पाहिजे असेल तर दुसऱ्या नावाची बाई शोधा." लोक हसायचे आणि थांबायचे. त्यांच्या सहीला शहरात किंमत होती आणि ते त्यांनाही चांगलं माहीत होतं. नम्रपणा त्यांनी कधी पांघरला नाही. दिल्लीहून तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्यानं विचारलं होतं, "मॅडम, तुमच्या मापाची खात्री कोण देतं?" मंदाताईंनी खिशातून रुमाल काढावा इतक्या सहज एक सेन्सर काढून त्याच्या हातात दिला. "हा तुमच्याबरोबर घेऊन जा, जगात कुठंही मोजा. आणि मला कळवा." तो अधिकारी सेन्सर खरंच घेऊन गेला. काही महिन्यांनी परत पाठवला तेव्हा सोबत अभिनंदनाची एक ओळ होती. ती ओळ त्यांनी कुणाला वाचून दाखवली नाही. "यात नवीन काय आहे," म्हणाल्या.

प्रयोगशाळेबाहेरही त्यांचे हात तसेच चालायचे. माझ्या लग्नाच्या साड्या घ्यायला आई आणि मी सुलतान बाजारात निघालो तेव्हा त्या आपण होऊन आल्या. दुकानदारानं साडी उलगडली की आई ती उभी-आडवी ओढून बघायची. मंदाताई कोपरा धरून तिरपा ओढायच्या. "सरळ ओढलं की सगळंच कापड शहाणं असतं," त्या आईला म्हणाल्या. "तिरकं ओढल्यावर खरं कळतं." चार-पाच साड्यांचं असं झाल्यावर दुकानदार कंटाळून म्हणाला, "अम्मा, कपडा है, रबर नक्को समझो."

"इसीच वास्ते तो देख रई मैं," त्या म्हणाल्या, आणि सहावी साडी पुढं ओढली. त्या दिवशी घेतलेली जांभळी साडी आई अजून नेसते.

आता वेंकट रावांची गोष्ट सांगते, कारण मंदाताई म्हटलं की मला तीच आधी आठवते.

वेंकट राव आमच्याच भागातले एक लहान कारखानदार. स्वतः इंजिनियर, नोकरी सोडून सेन्सर बनवायला लागलेले. हाताखाली मोजकी माणसं. एका मोठ्या पंप कंपनीनं पहिल्यांदाच बाहेरच्या देशातले सेन्सर सोडून त्यांच्याकडून घ्यायचं ठरवलं होतं. अट एकच, आमच्या प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र. राव पेढ्यांचा डबा घेऊनच माल द्यायला आले होते.

मंदाताईंनी माल तपासला आणि जवळजवळ सगळा नापास केला. ते सेन्सर मर्यादेपेक्षा जास्त आडवं बोलत होते.

राव धावत आले. उंच, सडपातळ माणूस. बोलताना शर्टाची बाही वर-खाली करायची सवय. ते तेलुगूत बोलत होते आणि मंदाताई तेलुगूतच उत्तर देत होत्या. "मॅडम, आम्ही स्फटिक बसवताना प्रत्येक नग बघतो. एवढे सगळे कसे वाईट असतील? तुमचं टेबल एकदा बघता का?"

मंदाताई हसल्या. ते हसू दुखावणारं नव्हतं, पण ते हसू होतं. "रावगारू, टेबल माझं आहे," त्या तेलुगूतला मानाचा 'गारू' लावून म्हणाल्या. "त्याची काळजी मी करते. तुम्ही स्फटिकाची करा."

रावांनी नगांचे डबे गोळा केले. माल घेऊन गेले. पंप कंपनीनं ते काम दुसऱ्याला दिल्याचं आमच्या कानावर आलं. अशा गोष्टी होतच असतात, म्हणून आम्हीही कामाला लागलो.

काही आठवडे गेले. एका सकाळी मंदाताईंनी एका सरकारी संस्थेकडून आलेला परदेशी सेन्सर टेबलावर चढवला. भारी किमतीचा, आडवं बोलणं जवळजवळ नसलेला, आमच्याकडे दरवर्षी येणारा जुना ओळखीचा पाहुणा. त्या तो फिरवत होत्या, मी आकडे बघत होते. थोड्या वेळानं त्यांचा हात थांबला.

"श्रुती, हा गप्प का होईना गं?"

मी म्हटलं, "जास्त नाही ताई, मर्यादेच्या आसपास आहे."

"जास्त-कमी नाही विचारलं मी. गप्प का होईना?"

मग मला कळलं. सेन्सर कसाही असो, फिरवताना दोन ठिकाणी तो शून्याजवळ यायलाच हवा. वाईटातला वाईट सेन्सरसुद्धा येतो, पण आम्ही सगळ्यात मोठा आकडा तेवढा टिपून घ्यायचो, तिकडे लक्ष जायचं नाही. हा कुठेच येत नव्हता. कुठल्याही बाजूला तोंड केलं तरी तेवढाच बोलत होता. त्यांनी तो उतरवला, दुसरा चढवला. तोही तसाच. तिसरा. तोही.

मंदाताईंनी यंत्र बंद केलं आणि स्टुलावर बसल्या. "खोट सेन्सरची असती तर सेन्सरबरोबर फिरली असती," त्या म्हणाल्या. "ही जागची हलतच नाही. हे बिचारे उभं हलणं सांगायलेत, आणि उभं हलतंय माझं टेबल."

पुढचे काही तास टेबल उघडण्यात गेले. ज्या पट्ट्यांवर ते तोललेलं होतं त्या एकेक करून त्यांनी भेगेत झिरपणाऱ्या लाल द्रवात बुडवल्या, पुसल्या आणि वर पांढरी पूड फवारली. एका पट्टीवर, अगदी मुळाशी, पांढऱ्यातून लाल रेघ वर आली. केसाएवढी. त्या भेगेमुळे टेबल आडवं जाताना जराजरा उचललं जात होतं, आणि ते उचलणं प्रत्येक सेन्सरच्या माथी दोष म्हणून लागत होतं.

टेबलाची ठरलेली तपासणी रावांचा माल येण्याच्या आधी झाली होती आणि तेव्हा सगळं ठीक होतं. म्हणजे तेव्हापासून आजपर्यंत नापास झालेलं सगळंच संशयात आलं.

आमचे डायरेक्टर भले माणूस होते, पण घाबरट. त्यांनी दार लावून घेतलं. "मॅडम, पट्टी बदलू. ज्यांचे नग नापास झाले त्यांना कळवू, की सुधारित पद्धतीनं पुन्हा मोफत चाचणी करून देतो. यात खोटं काही नाही."

"पद्धत कुठं सुधारलीय सर?" मंदाताई म्हणाल्या. "पट्टीला भेग होती, ती बदलली. तेच लिहायचं."

"प्रयोगशाळेचं नाव जाईल."

"थोडं जाईल. सांगितलं नाही आणि उद्या कुणाला कळलं तर सगळं जाईल. आणि नाही कळलं तरी मला कळलंय ना." त्या उठल्या. "मजकूर मी लिहिते. सही माझी होती, तर हीपण माझीच."

दोन दिवस त्या फोनवर होत्या. प्रत्येक ग्राहकाला स्वतः सांगत होत्या, "आमचं टेबल चुकत होतं. तुमच्या मालाचा दोष नसेलही." कुणी चिडलं, कुणी आभार मानले, एका कंपनीनं आपलं सगळं काम आमच्याकडून काढून घेतलं. रावांना मात्र त्यांनी शेवटी ठेवलं, आणि फोन न करता स्वतः जायचं ठरवलं.

"आपण त्यांचा माल आधी मागवून पुन्हा तपासायचा का?" मी विचारलं. "काय निघतंय ते बघू, मग सांगू."

"आणि परत नापास निघाला तर सांगायचं नाही? निकाल बघून माफी मागायची का?" त्या पर्स घेऊन निघाल्या. "चल. ऑटो बोलव."

ऑटोत त्या गप्प होत्या, बांगड्या हातात असूनही. बऱ्याच वेळानं बाहेर बघत म्हणाल्या, "चूक होती गं माणसाच्या हातून. पट्टीला भेग पडायची ती पडली. पण त्यानं टेबलाचं नाव काढलं आणि मी हसले. ते लागलंय मला."

राव शेडमध्ये एकटेच एका बाकावर काम करत होते. त्यांनी आम्हांला बघितलं आणि बाही खाली ओढली. मंदाताईंनी बसायच्या आधीच सांगून टाकलं. प्रस्तावना नाही, कारणं नाहीत. टेबलाची पट्टी, भेग, तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं. रावांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग त्यांनी तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाले, "मॅडम, मी यादम्माला काढून टाकलं."

यादम्मा त्यांच्याकडे स्फटिक बसवायची. भिंगाखाली, चिमट्यानं. सगळा माल नापास झाल्यावर तिचेच हात वाकडे पडले असणार असं रावांनी धरलं होतं. तीही खूप भांडली होती आणि मग गेली होती.

"कुठं आहे ती आता?"

"दोन गल्ल्या सोडून मुलींचं हॉस्टेल आहे. तिथं स्वयंपाक करते."

"चला," मंदाताई म्हणाल्या. राव जागचे हलेनात. "तुम्हीपण चला रावगारू. ही चूक दोघांची आहे, मी पहिली, तुम्ही दुसरे."

हॉस्टेलच्या मागच्या अंगणात एक चाळिशीची, ठसठशीत बाई दोडके चिरत बसली होती. रावांना बघून तिनं मान फिरवली. मंदाताई सरळ तिच्या समोर जमिनीवर बसल्या, साडीची पर्वा न करता. "तप्पु मीदि कादु, अम्मा," त्या म्हणाल्या. "नादि." चूक तुमची नाही, माझी. मग सोप्या तेलुगूत सगळं सांगितलं, टेबल कसं हलत होतं, तिनं बसवलेल्या स्फटिकांवर तो आळ कसा आला.

यादम्माची विळी थांबली नाही. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "मी यांना सांगितलं होतं."

राव बाही वर-खाली करायला लागले.

"यांनी मला सांगितलं होतं," मंदाताई म्हणाल्या. "मी ऐकलं नाही."

आता यादम्मानं वर पाहिलं. मंदाताईंकडे बराच वेळ, मग रावांकडे. राव पुढं आले आणि हात जोडल्यासारखे करून म्हणाले, "परत ये."

"इथं पोरी जेवायच्या आहेत," ती म्हणाली. "हॉस्टेलला दुसरी बाई मिळाली की बघते." आणि पुन्हा दोडक्यांकडे वळली. पण आम्ही निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली आणि मंदाताईंना म्हणाली, "तुमच्यासारखी मोठी माणसं असं सांगायला येत नाहीत." मंदाताई म्हणाल्या, "आली असती तर मला आधीच शिकायला मिळालं असतं. फार उशिरा शिकायलेय मी."

नवी पट्टी बसली. टेबल शांत झालं. रावांचा माल पुन्हा तपासताना मंदाताईंनी त्यांना खोलीत बसवून घेतलं. एकेक सेन्सर फिरताना आवाज चढत होता, उतरत होता, शून्याशी येऊन टेकत होता. बहुतेक सगळे पास झाले. काही थोडे मात्र खरोखरच जास्त बोलत होते. तेव्हा मला वाटलं, एवढ्या सगळ्या प्रकारानंतर त्या जरा हात सैल सोडतील. त्यांनी त्या नगांवर लाल ठिपका दिला आणि बाजूला ठेवले. "हे नापासच आहेत, रावगारू."

राव पहिल्यांदा मोकळे हसले. "हे नापास केलेत म्हणून बाकीच्यांवर माझा विश्वास बसला," ते म्हणाले.

पंप कंपनीच्या बैठकीला मंदाताई रावांबरोबर गेल्या. मी नव्हते, रावांनी नंतर सांगितलं. तिथले मुख्य अधिकारी म्हणाले, की प्रयोगशाळाच चुकत असेल तर तिच्या नव्या प्रमाणपत्रावर तरी का विश्वास ठेवायचा? मंदाताईंनी भेग पडलेल्या पट्टीचा तुकडा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "जी प्रयोगशाळा अशी पट्टी दाखवत नाही, तिच्या प्रमाणपत्रावर ठेवू नका." ते काम तेव्हा मिळालं नाही, कारण ते आधीच दुसऱ्याला गेलेलं होतं. पण पुढच्या वेळी कंपनीनं रावांना बोलावून घेतलं, आणि तोपर्यंत यादम्माही परत आली होती. राव आता दुप्पट मोठ्या शेडमध्ये आहेत. स्फटिकाच्या विभागात यादम्माच्या हाताखाली तीन मुली काम करतात, आणि रावांना काही बदलायचं असलं तर ते आधी तिला विचारतात.

प्रयोगशाळेतही एक गोष्ट बदलली. रोज सकाळी पहिलं काम म्हणून एक खात्रीचा सेन्सर टेबलावर चढवून फिरवायचा, तो दोन ठिकाणी गप्प होतो का बघायचं, आणि मगच दिवस सुरू करायचा. मंदाताई निवृत्त होईपर्यंत हे काम त्यांनी कुणालाही करू दिलं नाही. त्यांचा आत्मविश्वास मात्र यत्किंचितही कमी झाला नव्हता. उलट कुणी हुज्जत घालायला आलं की त्या आता म्हणायच्या, "थांबा, आधी टेबल बघते, मग तुम्हाला बघते." आणि खरंच आधी टेबल बघायच्या.

निवृत्तीनंतर त्या जामबागेजवळच्या आपल्या घरात एकट्या राहत होत्या. लग्न त्यांनी केलं नव्हतं आणि त्याचं कारण कुणी विचारलं की सांगायच्या, "बघायला आलेले सगळे सरळ होते, मी तिरकं ओढून बघत होते." मधून मधून फोन व्हायचा. गेल्या हिवाळ्यात झोपेतच त्या गेल्या. रावांनीच मला कळवलं.

त्याच्या काही महिने आधी मी मुलीच्या शाळेची पुस्तकं घ्यायला सुलतान बाजारात गेले होते. दुपारची वेळ, गर्दी, हॉर्न. गल्लीच्या तोंडाशी एक ऑटो अडकून पडला होता आणि त्यात मंदाताई बसल्या होत्या, मांडीवर जाळी काढलेला एक टेबल फॅन घेऊन.

"ताई, हे काय?"

"दुरुस्तीला दिला होता. घरी नेऊन लावला तर थरथरायलाय. पातं तिरकं बसवलंय त्यानं." त्यांनी चष्मा वर सरकवला. "परत घेऊन चाललेय. म्हणतो, अम्मा, एवढं चालतं. एवढं म्हणजे केवढं, ते दाखव म्हणते त्याला."

"ताई, नवाच घ्या ना."

"नवा कशाला? बाकी चांगला आहे की. तू कधी येतीस घरी? पोरीला घेऊन ये."

मी येते म्हणाले. पुढची गाडी हलली. "चलो भैया," त्या म्हणाल्या आणि ऑटो एकदम निघाला. मला हात करायला त्यांना हात मोकळा नव्हता. दोन्ही हातांनी त्यांनी पंखा धरून ठेवला होता. वाऱ्यानं त्याची पाती त्यांच्या मांडीवरच फिरायला लागली होती, आणि त्या मान वाकवून, कान पुढे करून, ती कशी फिरतात ते ऐकत होत्या.